मदत हवी आहे: पाय लांब करण्याच्या ऑपरेशनची तयारी कशी करू?

उंची वाढवण्यासाठी दोन्ही नडग्यांचं ऑपरेशन करायचं ठरवलंय. निर्णय पक्का आहे, त्यामुळे 'आहेस तसा छान आहेस' हे कृपया नको. ते आई रोज सांगते, आणि तिचा चेहरा बघून मलाच रात्री झोप लागत नाही.

हाड कापून आत रॉड बसवणार, मग रोज १ मिलिमीटर ताणायचं, तेही पाव-पाव करून चार वेळा. म्हणजे ५ सेंटिमीटरसाठी नुसतं ताणायलाच किमान ५० दिवस, आणि नवं हाड पक्कं व्हायला पुढे कित्येक महिने. परवा फुटपट्टीवर ते ५ सेंटिमीटर बोटांच्या चिमटीत धरून कितीतरी वेळ बघत बसलो. हाडाच्या वेगाने स्नायू लांबत नाहीत, टाच वर ओढली जाते, म्हणून फिजिओथेरपी एक दिवसही चुकवू नकोस, असं डॉक्टरांनी बजावलंय. सिगारेट सोडलीय, तिच्यामुळे हाड भरायला उशीर होतो.

ज्यांनी हे किंवा इलिझारोव्ह रिंगचं (पायाबाहेरून गोल कड्या लावून हाड ताणायचं) ऑपरेशन केलंय त्यांनी सांगा: संडास-अंघोळीची सोय कशी केलीत? मदतीला माणूस किती दिवस लागला? दुखण्यामुळे मधेच मन खचलं, तेव्हा कोणाशी बोललात? आणि आईला हे सगळं कसं समजावू?