पुरस्कारप्राप्त बालपुस्तके चौथी-पाचवीच्या वर्गात कशी वापरावीत?

मलप्रभाकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी कर्नाटकातील खानापूर तालुक्यातील एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. चौथी आणि पाचवी एकाच खोलीत बसतात आणि दोन्ही मिळून पट २३ आहे. गेल्या दिवाळीत गावातील, सध्या पुण्यात नोकरीला असलेल्या काही तरुणांनी शाळेला पुस्तकांची एक पेटी भेट दिली. पुस्तके निवडताना त्यांनी पुरस्कार मिळालेली किंवा पुरस्कारप्राप्त लेखकांची पुस्तके घ्यायची, एवढा एकच निकष ठेवला होता. त्यामुळे पेटीत दिलीप प्रभावळकर यांचे ‘बोक्या सातबंडे’, ल. म. कडू यांचे ‘खारीच्या वाटा’, संगीता बर्वे यांचे ‘पियूची वही’, एकनाथ आव्हाड यांचा ‘छंद देई आनंद’ हा कवितासंग्रह आणि माधुरी पुरंदरे यांची काही चित्रपुस्तके आली. प्रत्येक पुस्तकाची प्रत एकच.

मी मोठ्या उत्साहाने एक तक्ता तयार केला. पुस्तकाचे नाव, लेखक, मुख्य पात्रे, आवडलेले वाक्य आणि तात्पर्य असे पाच रकाने त्यात होते. दर शनिवारी प्रत्येकाने एक पुस्तक न्यायचे आणि सोमवारी तक्ता भरून आणायचा. तिसऱ्याच सोमवारी माझ्या लक्षात आले की मुले एकमेकांचे तक्ते उतरवून काढत आहेत. ज्या गोष्टीत कोणीही खोटे बोलत नाही, तिच्यापुढेही ‘तात्पर्य : नेहमी खरे बोलावे’ असे लिहिलेले सापडले. पेटी आता कपाटावर आहे.

मला विचारायचे आहे ते असे, की एकच प्रत असताना सगळ्या वर्गाला पुस्तकात कसे सामावून घ्यावे? शहरी वातावरणाच्या गोष्टी आमच्या मुलांना परक्या वाटतात, त्याचे काय करावे? आणि हे सर्व एफएच्या (वर्षभर चालणाऱ्या आकारिक मूल्यमापनाच्या) नोंदींत बसवता येईल का? कारण अभ्यासक्रम पूर्ण करून उरणारा वेळ फारच थोडा असतो.

निवृत्त गुरुजी, बेळगाव तालुका

बाई, प्रथम ती पेटी कपाटावरून खाली काढा आणि मुलांच्या हाताला येईल अशा ठिकाणी ठेवा. पुस्तके फाटतील, पण त्याला इलाज नाही. मी ३१ वर्षे शिकवले आणि कुलुपातले पुस्तक वाचलेले मूल मला एकदाही भेटले नाही.

पुरस्काराविषयी एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण आपण शिक्षक त्या शिक्क्याला उगाच बिचकतो. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१० पासून दिला जातो. मराठीत त्या पहिल्या वर्षी तो अनिल अवचट यांच्या ‘सृष्टीत... गोष्टीत’ला आणि २०११ मध्ये ‘बोक्या सातबंडे’ला मिळाला. मात्र २०१४ मध्ये माधुरी पुरंदरे यांना आणि २०१६ मध्ये राजीव तांबे यांना जो मिळाला, तो एखाद्या पुस्तकासाठी नव्हे, तर बालसाहित्यातील एकूण योगदानासाठी होता. म्हणजे तुमच्या पेटीत काही पुस्तके स्वतः पुरस्कार मिळवलेली आहेत आणि काही पुरस्कार मिळवलेल्या लेखिकेची आहेत. हा भेद मुलांना सांगायची गरज नाही, परंतु तो आपल्याला ठाऊक असावा. दुसरे असे, की हे पुरस्कार मोठी माणसे ठरवतात. पुस्तक चांगले लिहिलेले आहे, एवढी हमी त्यातून मिळते. ते तुमच्या पाचवीतल्या मुलाला आवडेल की नाही, हे त्या मुलानेच सांगायचे असते.

एक प्रत असेल तर मोठ्याने वाचून दाखवणे यापेक्षा सोपा मार्ग मला माहीत नाही. मी दुपारच्या जेवणानंतरची पहिली दहा मिनिटे त्यासाठी राखून ठेवत असे. त्या वेळी मुले तशीही पेंगुळलेली असतात आणि गणित शिकवून फारसा उपयोग होत नाही. ‘बोक्या’ची एक गोष्ट तीन दिवसांत वाचावी आणि दर दिवशी अशा ठिकाणी थांबावे की मुलांनी ‘गुरुजी, अजून एक पान’ म्हणून गलका केला पाहिजे. त्या दिवशी वाचू नये. दुसऱ्या दिवशी सुरुवात करण्यापूर्वी ‘काल कुठे होतो?’ असे विचारले की जो मुलगा एरवी तोंड उघडत नाही, तोच सगळा प्रसंग हातवारे करून सांगतो. तुमची श्रवणाची आणि तोंडी अभिव्यक्तीची नोंद तिथेच होते, वेगळा उपक्रम घ्यावा लागत नाही.

परकेपणाची भीती मनातून काढून टाका. एका गोष्टीत ‘आमच्या सोसायटीत’ असा उल्लेख आला, तेव्हा माझ्या वर्गातल्या एका मुलीने विचारले होते, ‘गुरुजी, ती लोकं सोसायटीत राहतात म्हणजे त्यांना पीककर्ज तिथंच मिळतंय काय?’ तिच्या वडिलांची सोसायटी म्हणजे गावच्या चावडीशेजारची कर्ज देणारी सोसायटी, दुसरी कुठली ती कशाला मानेल? त्या एका प्रश्नावर आम्ही अर्धा तास बोललो. एका शब्दाचे दोन अर्थ आणि गावातले व शहरातले राहणे या दोन्ही गोष्टी फळ्याला हात न लावता झाल्या.

हिडकलच्या वरच्या अंगाला

गुरुजींच्या बहुतेक मतांशी मी सहमत आहे, परंतु ‘खारीच्या वाटा’ दहा-दहा मिनिटांत तुकडे करून वाचण्याचे पुस्तक नाही, असे मला वाटते. धरणासाठी उठणाऱ्या गावाची ती एका मुलाच्या नजरेतून आलेली कहाणी आहे आणि तिला २०१७ चा अकादमी पुरस्कार आहे. चौथीला ती जड जाईल. पाचवीला निवडक भाग वाचून दाखवावेत, सातवीला मात्र पूर्ण द्यावी.

मी हुक्केरी तालुक्यात शिकवतो. आमच्याकडे घटप्रभेवरच्या हिडकल जलाशयाचे पाणी उन्हाळ्यात उतरले की हुन्नूरचे विठ्ठल मंदिर उघडे पडते आणि लोक पाहायला जातात. माझ्या वर्गातल्या मुलांनी ते मंदिर पाहिले होते, पण पाण्याखाली मंदिर आहे म्हणजे त्याच्या भोवती एके काळी घरे, गोठे आणि वाटा होत्या, हे त्यांच्या डोक्यात आले नव्हते. पुस्तकातला गाव सोडण्याचा भाग वाचल्यावर मी एवढेच सांगितले की घरी जाऊन आजी-आजोबांना एकच प्रश्न विचारा, ‘गाव उठले तेव्हा तुम्ही बरोबर काय आणले?’ उत्तरे कागदाच्या चिठ्ठीवर आणायची, एका ओळीत.

१७ चिठ्ठ्या आल्या. जाते, उंबऱ्याचे लाकूड, तुळशीवृंदावनातली माती, गोठ्याचा अडसर. एका मुलाच्या चिठ्ठीवर ‘काही नाही, म्हस आणली’ असे होते. त्या चिठ्ठ्या आम्ही एका मोठ्या कागदावर जुन्या गावाचा नकाशा काढून जिथल्या तिथे चिकटवल्या. नकाशा अर्थात आजोबा मंडळींना विचारूनच काढला. आधी विहिरीच्या जागेवरून दोन आजोबांचा वाद झाला आणि तो मिटवायला तिसऱ्याला बोलवावे लागले. परिसर अभ्यासाचा नकाशावाचन हा घटक मी त्यातच पूर्ण केला आणि एफएला तीच नोंद दाखवली. पाहायला आलेल्या एका वरिष्ठांनी ‘हे पाठ्यपुस्तकातल्या कोणत्या पानावर आहे?’ असे विचारले, तेव्हा पान क्रमांक सांगता यावा म्हणून घटकाचे नाव आधीच वहीत लिहून ठेवले होते. तुम्हीही ठेवा, बाई. त्याने पुष्कळ बोलणे वाचते.

तुमच्या खानापुराकडे धरणाचा विषय तितका जवळचा नसेल, तर त्याच पुस्तकासाठी दुसरा प्रश्न शोधावा. पुस्तकातला प्रसंग आणि मुलाच्या घरातली एखादी वस्तू यांना जोडणारा एकच प्रश्न पुरतो. पाच प्रश्न विचारले की त्याचा पुन्हा तुमचा तक्ता होतो.

दोन भाषांचे घर

मी शिक्षिका नाही, पालक आहे. आमच्या घरात मराठी आणि कन्नड दोन्ही बोलल्या जातात आणि माझी मुलगी निपाणीजवळच्या मराठी शाळेत चौथीत आहे. शिक्षक मंडळींच्या चर्चेत शिरण्याचे धाडस करते, कारण एक गोष्ट वरच्या उत्तरांत आली नाही. आपल्या मुलांना शाळेत कन्नड शिकावीच लागते, आणि बहुतेक घरांत ती भाषा केवळ परीक्षेची म्हणून येते. पुरस्कारप्राप्त बालपुस्तके कन्नडमध्येही आहेत. २०१० मध्ये, मराठीत अवचटांना पुरस्कार मिळाला त्याच वर्षी, कन्नडचा पुरस्कार बोळुवारु महंमद कुंञि यांच्या गांधीजींवरील पुस्तकाला मिळाला होता. २०२१ मध्ये तो बसू बेविनगिडद यांच्या ‘ओडी होद हुडुग’ला मिळाला. या नावाचा अर्थ ‘पळून गेलेला मुलगा’. नुसते नाव सांगितले तरी मुले विचारतात, का पळाला आणि कुठे पळाला.

माझ्या मुलीच्या बाईंनी, माझ्या माहितीप्रमाणे कोणीही न सांगता, एक साधी गोष्ट केली. पुरंदरे यांच्या एका चित्रपुस्तकातले पान उघडून त्यांनी मुलांना मजकूर झाकून केवळ चित्र दाखवले आणि त्यात दिसणाऱ्या गोष्टी आधी घरच्या बोलीत, मग पुस्तकी मराठीत आणि मग कन्नडमध्ये सांगायला सांगितल्या. मांजर, बेक्कु. घर, मने. खार, अळिलु. एक मुलगा उठून म्हणाला, ‘बाई, मांजर निजालंय,’ आणि सगळा वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर ‘निजालंय’ लिहिले, खाली ‘झोपत आहे’ लिहिले आणि त्याखाली कन्नड वाक्य कोण सांगणार, असे विचारले. त्याच मुलाने सांगितले, कारण त्याची आई धारवाडकडची आहे. माझी मुलगी हे मला तीन वेळा सांगत होती.

पुरंदरे यांची चित्रे या कामाला फार सोयीची आहेत, कारण त्यांत खरीखुरी, पसारा असलेली घरे दिसतात. त्यांचे ‘चित्रवाचन’ नावाचे पुस्तक मिळाले तर तेही घ्यावे.

ग्रंथपाल, शहर

थोडक्यात लिहितो. ‘छंद देई आनंद’ आणि २०२५ मध्ये पुरस्कार मिळालेले सुरेश सावंत यांचे ‘आभाळमाया’ ही कवितांची पुस्तके आहेत. त्यांवर प्रश्नोत्तरे मुळीच काढू नयेत. पाठही करून घेऊ नयेत. टाळ किंवा डफ घ्या, गावातल्या भजनी मंडळातला एखादा मुलगा वर्गात असतोच, त्याच्याकडे ठेका द्या आणि म्हणा. प्रती वाढवण्यासाठी संपूर्ण पुस्तकाच्या झेरॉक्स काढू नका. त्याऐवजी कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा ठिकाणी होणाऱ्या मराठी साहित्य संमेलनांत पुस्तकांचे स्टॉल लागतात, तिथे एसडीएमसीच्या (शाळेच्या विकास व देखरेख समितीच्या) सदस्यांना घेऊन जा. प्रत्यक्ष पुस्तक हातात घेतलेला सदस्य दोन प्रतींचे पैसे देतो, अर्जावर सही मागितली तर देत नाही.

मलप्रभाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला सात आठवडे लागले, त्याबद्दल क्षमस्व. मध्ये सुगी होती आणि निम्मा वर्ग भातकापणीला शेतात होता.

तक्ता बंद केला. दुपारच्या जेवणानंतर ‘बोक्या’ वाचते आणि गुरुजी म्हणतात तसा गलका आता रोज होतो. ‘पियूची वही’ सुट्टीत रोजनिशी लिहिणाऱ्या मुलीची असल्यामुळे मी वर्गासाठी शंभर पानांची एकच वही आणली. ती रोज एकाच्या घरी जाते आणि त्या दिवशी घरात जे झाले ते त्याने लिहायचे. शुद्धलेखन मी तपासत नाही, असे आधीच जाहीर केले. पहिल्या चार दिवसांत सर्वांनी ‘सकाळी उठलो, दात घासले’ असेच लिहिले. पाचव्या दिवशी एका मुलीने, खळ्यावर राखणीला झोपलेल्या आजोबांच्या कांबळ्यात रात्री उंदीर शिरला त्याचे पूर्ण पानभर वर्णन केले आणि ते तिने वर्गात वाचून दाखवल्यापासून दात घासणे बंद झाले आहे, म्हणजे वहीतले.

पुरस्कार मोठी माणसे ठरवतात, हे गुरुजींचे वाक्य मी मुलांना सांगितले, तर ‘मग आम्ही पण देऊ’ असे ती म्हणाली. म्हणून पेटीतल्या पाच पुस्तकांसमोर पाच रिकामे डबे ठेवले आणि प्रत्येकाला एक चिंचोका दिला. पहिल्या वेळी डबे उघड्यावर होते. वर्गप्रमुखाने ज्यात टाकला, त्यातच १९ चिंचोके पडले. मग डबे पडद्यामागे ठेवले, आणि मत देण्यापूर्वी पुस्तकातला एक तरी प्रसंग मला कानात सांगायचा, अशी अट घातली. या वेळी ‘बोक्या’ला ९ आणि ‘पियू’ला ८ मिळाले. ‘खारीच्या वाटा’ला दोनच मिळाले. ते दोन्ही चिंचोके पाचवीतल्या, एरवी गप्प बसणाऱ्या दोन मुलांचे होते, आणि त्यांना ते पुस्तक आता पूर्ण वाचायला घरी हवे आहे.

हिडकलच्या सरांना एक विचारायचे आहे. आमच्याकडे गाव उठलेले नाही, पण रानाकडेच्या वाड्यांवरून बरीच मुले येतात आणि त्यांच्या वाटेवर कधी गवे, कधी अस्वल असते. सलीम मुल्ला यांचे २०१९ मध्ये पुरस्कार मिळालेले ‘जंगल खजिन्याचा शोध’ मागवले आहे. ते आले की मुलांना घरी विचारायला सांगण्यासाठी तुमच्यासारखा एकच प्रश्न कोणता असावा?