चर्चा: अमेरिकन मिकाडोला आपल्या डब्ल्यूजीचं रूप द्यावं का?

कोपरी_फलाट (धागाकर्ता)

एचओमधलं, म्हणजे १:८७ मापाच्या मॉडेल रेल्वेतलं, एक मिकाडो घेतलंय, यूएसआरए लाइट. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने रेल्वे कंपन्या ताब्यात घेतल्या आणि सगळ्यांना चालेल असा एकच नमुना काढला, त्यातलं हे २-८-२ (पुढे दोन, मध्ये आठ मोठी, मागे दोन चाकं) वाफेचं इंजिन. याचं आपलं डब्ल्यूजी, म्हणजे भारतीय रेल्वेचं ब्रॉडगेजवरचं मालगाडीचं वाफेचं इंजिन, करायचा बेत आहे. चाकांची मांडणी तीच. मोठ्या चाकांचा व्यास तिकडे १६०० मिमी, डब्ल्यूजीचा १५६२. १:८७ मध्ये फरक अर्ध्या मिलिमीटरच्याही आत. घंटा काढायची, पुढे बफर बीम आणि बफर लावायचे, कॅब (ड्रायव्हरची खोली) नव्याने कापायची, टेंडर (कोळसा-पाण्याचा मागचा डबा) बदलायचं. मागे ठाण्याजवळच्या पारसिक बोगद्याचं तोंड करणार आहे. मित्रमंडळी म्हणतात, हा बोगसपणा आहे. तुम्हाला काय वाटतं?

वाशी_यार्ड

मित्रमंडळी बरोबर म्हणतात.

चाकं जुळली म्हणून इंजिन जुळत नाही. यूएसआरए लाइटचा सिलिंडर २६ इंची, डब्ल्यूजीचा २१ ७/८. मॉडेलमध्ये सव्वा मिमी म्हणाल, पण पुढून ते इंजिन जाडजूड दिसतं ते दिसतंच. ज्याने भुसावळला डब्ल्यूजी पाहिलंय तो काळ्या रंगाला फसणार नाही. त्यात गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. एचओचा १६.५ मिमीचा रूळ म्हणजे स्टँडर्ड गेज. आपला ब्रॉडगेज १६७६ मिमी, त्याला १९.३ मिमीचा रूळ हवा. जवळपास तीन मिमी खाल्ले! अंग आपलं आणि पाय आखडलेले, असं ध्यान उभं राहील.

करायचंच तर प्लास्टिक शीट आणि पितळी पत्रा घेऊन मुळापासून बांधा. नाहीतर अमेरिकन इंजिन अमेरिकनच राहू द्या. चांगल्या मॉडेलवर करवत कशाला?

नौपाडा_डाउन

+१. शिवाय कापलेल्या मॉडेलला पुढे कोणी विचारत नाही. विकायला काढाल तेव्हा कळेल.

ऐरोलीकरीण

नौपाडादादा, विकायला कोण निघालंय?

वाशी_यार्ड, गेजचा हिशेब बिनचूक आहे. पण तोच नियम लावायचा तर आधी निम्मं इंग्लंड घरी बसवा. त्यांच्या ओओ या मॉडेल मापात इंजिन १:७६ चं आणि रूळ तोच १६.५ मिमी. गुणून बघा, चार फूट दीड इंचाचा गेज येतो, खरा आहे चार फूट साडेआठ. लोक पिढ्यान्‌पिढ्या त्यावर गाड्या पळवताहेत. ज्यांना खुपलं त्यांनी आपले रुंद रूळ बनवून घेतले. बाकीच्यांना कोणी बोगस म्हणत नाही.

आणि हे ‘मूळ रूप’ म्हणजे नेमकं कुठलं? यूएसआरए लाइटचं पहिलं इंजिन जुलै १९१८ चं, बाल्टिमोर अँड ओहायोचं ४५००. ते आज बाल्टिमोरच्या संग्रहालयात आहे. पण हाच नमुना कितीतरी कंपन्यांकडे गेला, आणि प्रत्येकीने आपापल्या वर्कशॉपमध्ये दिवा हलवला, घंटा हलवली, पंप सरकवले, टेंडर बदललं. काही वर्षांत जुळी भावंडं ओळखू येईनात. आता मॉडेल कंपन्या काय करतात? साचा एक, त्यावर दहा रेल्वेंची नावं छापतात, पुष्कळदा हे बारकावे न बदलताच. त्यांनी केलं की ‘नवी आवृत्ती’, आणि कोपरीच्या माणसाने घरी बसून, निदान कॅब कापून केलं की बोगस?

माझा आक्षेप वेगळा आहे. नुसता रंग मारून ‘डब्ल्यूजी’ लिहिणार असाल तर करू नका. बाह्यरेषा बदलली पाहिजे: कॅब, टेंडर, चिमणी, घुमट. तेवढी मेहनत असेल तर खुशाल करा.

घंटाळी_लोको

भांडा, पण मुख्य घोटाळा कोणी पाहिलाच नाही. पारसिक बोगदा १९१६ चा, ठीक. डब्ल्यूजी आलं १९५० मध्ये. मुंबई-पुणे मार्गावर त्याच्या कितीतरी आधी विजेच्या तारा टाकून झाल्या होत्या. बोगद्यातून मालगाडी घेऊन डब्ल्यूजी बाहेर पडताना दाखवाल, तर डोक्यावर तारा आणि खाली वाफेचं इंजिन! अर्ध्या मिलिमीटरचा हिशेब करता आणि वीस वर्षं चुकवता? ठाण्याचा हट्ट सोडा, दौंड किंवा मनमाड करा.

दुसरं, अमेरिकन इंजिनच घ्यायचं तर एस १६० का नाही? दुसऱ्या महायुद्धातलं २-८-०, एकूण २१२० बांधली. इंग्लंड, पोलंड, इटली, चीनपर्यंत गेली आणि आपल्याकडे ब्रॉडगेजवर एडब्ल्यूसी म्हणून धावली. एचओमध्ये मॉडेल मिळतं. तिथे रूप बदलणं म्हणजे इतिहासच.

वाशी_यार्ड

एस १६० ला माझी हरकत नाही. तीच जात, फक्त मालक बदलला. मिकाडोचं डब्ल्यूजी म्हणजे जातच बदलणं.

ऐरोलीकरीण

नेरळला दार्जिलिंगचं बी क्लास ७९४ हे छोटं वाफेचं इंजिन आणून उभं केलं होतं की, माथेरानच्या गाडीसाठी. रेल्वेला चालतं हो.

वाशी_यार्ड

ताई, त्यांनी ते दार्जिलिंगचंच म्हणून आणलं. त्याला माथेरानचं मूळ इंजिन म्हणून खपवलं नाही.

खारघर_शंटर

तत्त्वज्ञान चालू द्या, मी कामाचं सांगतो. कंपनीची छापलेली अक्षरं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाने निघतात, पण आधी आतल्या बाजूला लावून बघा, काही प्लास्टिकना ते सोसत नाही. पांढरे नंबर बाहेरून छापवून घ्या, घरच्या प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते. आणि पावसाळ्यात इकडच्या हवेत लॅकर मारू नका, ओल धरून काळ्यावर पांढुरकी झाक येते. बॉयलरमधलं वजन काढलंत तर तेवढंच परत भरा, नाहीतर चार डबे ओढताना चाकं जागच्या जागी फिरतील.

कोपरी_फलाट

घंटाळीकाका, तारांचा मुद्दा बिनतोड. बोगदा रद्द, दौंड यार्ड नक्की. एस १६० सुरेख आहे, पण मला डब्ल्यूजीच हवं. सिलिंडरचं २६ इंच हे आतलं माप, डोळ्याला दिसतं ते बाहेरचं आवरण; ते घासून बारीक करता येईल. गेज १६.५ च ठेवणार. खालच्या पट्टीवर ‘यूएसआरए मिकाडोवरून’ असं लिहीन, म्हणजे खपवल्याचा आरोप नको.

वाशी_यार्ड

पट्टी लावणार असाल तर माझं निम्मं भांडण मिटलं. गेजचं मिटलेलं नाही. आणि कॅबवर १०५६० घालू नका. तो ‘अंतिम सितारा’, चित्तरंजनला १९७० मध्ये बांधलेलं शेवटचं ब्रॉडगेज वाफेचं इंजिन. डब्ल्यूजी दोन हजारांवर झाली, दुसरा कुठलाही नंबर घ्या.