परिचर्येच्या विद्यार्थिनी स्वयंसेवेसाठी कशामुळे पुढे येतात?

प्रश्न : पाठ्यनिर्देशिका, पश्चिम महाराष्ट्र

मी परिचर्या महाविद्यालयात सामुदायिक आरोग्य परिचर्या शिकवते आणि राष्ट्रीय सेवा योजनेचे कामही पाहते. दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि सात दिवसांचे विशेष शिबिर पूर्ण केले की प्रमाणपत्र मिळते, त्यामुळे नावनोंदणीची यादी एका दिवसात भरते. यंदा मात्र आषाढी वारीतील सेवेसाठी, जिथे ना तास मोजले जाणार होते ना प्रमाणपत्र मिळणार होते, साठ जणींच्या वर्गातून अकराच जणी आल्या, आणि त्यांतील सात जणींची नावे योजनेच्या यादीत नव्हतीच. त्यांना कारण विचारले तर "मॅडम, आवड आहे" एवढेच उत्तर मिळाले. ही आवड येते कुठून, हे मला मनापासून समजून घ्यायचे आहे.

उत्तर १ : जीएनएम (परिचर्या व प्रसूतिविद्या पदविका), तिसरे वर्ष

मॅडम, मी पहिल्या वर्षी केवळ मैत्रिणीच्या आग्रहाने गेले होते. पुणे ते सासवड हा दिवे घाटातून जाणारा सुमारे ३० किलोमीटरचा टप्पा चालून आलेल्या एक आजी माझ्यासमोर बसल्या आणि गुडघे दुखतात म्हणून गोळी मागू लागल्या. पाय धुताना दिसले की टाचेखाली खडा रुतून जखम झाली होती, पायमोज्याला रक्त लागले होते आणि आजींना त्याचा पत्ताही नव्हता. पंधरा वर्षांपासून साखर असल्याचे त्यांनी नंतर सांगितले. मधुमेहात पायाची संवेदना जाते, हे मी परीक्षेत लिहून आले होते. त्याचा अर्थ मला त्या टाचेपाशी कळला. जखम सलाईनने धुऊन मी ड्रेसिंग केले आणि त्यांना डॉक्टरांकडे नेले, तेव्हा माझ्या खांद्याइतक्या उंचीच्या त्या आजींनी वाकून माझ्याच पायांना हात लावला आणि "माऊली" म्हणाल्या. वॉर्डात आम्हाला बहुतेक वेळा बेड लावणे आणि तापमानाचे तक्ते भरणे एवढेच मिळते. इथे एक माणूस पूर्णपणे माझ्या हाती होता. मी दुसऱ्या वर्षी गेले ती त्यासाठी.

उत्तर २ : सेवानिवृत्त सार्वजनिक आरोग्य परिचारिका

पल्स पोलिओ मोहीम १९९५ साली सुरू झाली, तेव्हापासून मी विद्यार्थिनींना बूथवर नेत असे. बाळाच्या डाव्या करंगळीवर शाईची खूण करण्याचे काम प्रत्येकीला हवे असायचे, कारण आई त्या क्षणी त्यांच्याकडे विश्वासाने पाहायची. पण एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे : काही ठिकाणी स्वयंसेवेच्या नावाखाली मुलींना पाहुण्यांच्या स्वागताला आणि खुर्च्या मांडायला उभे करतात. अशा शिबिरातून परतलेली मुलगी पुन्हा नाव देत नाही, आणि तिला दोष देता येणार नाही.

उत्तर ३ : मानसशास्त्राचा अभ्यासक

गिल क्लॅरी, मार्क स्नायडर आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली स्वयंसेवेमागील सहा हेतू मांडले : मूल्ये, नवे शिकणे, आप्तमित्रांचा प्रभाव, कारकीर्द, मनातील बोचणी कमी करणे आणि स्वतःविषयीचा आदर वाढवणे. एकाच मुलीत यांपैकी तीन-चार हेतू एकत्र नांदतात आणि ते बदलतातही. वरील विद्यार्थिनी मैत्रिणीमुळे गेली आणि शिकण्यामुळे टिकली, हे त्याचे बोलके उदाहरण आहे. म्हणून प्रमाणपत्रासाठी येणाऱ्या मुलींना मी कमी लेखणार नाही, कारण नोकरीची चिंता असलेल्या घरातून आलेल्या मुलीसाठी तोही प्रामाणिक हेतू आहे. सक्तीबाबत मात्र सावध राहावे. याच संशोधकांच्या १९९९ सालच्या अभ्यासात, ज्या विद्यार्थ्यांना सेवा लादलेली वाटली, त्यांची पुढे स्वेच्छेने सेवा करण्याची इच्छा मंदावलेली दिसली. निवडीची मुभा दिल्यास हा परिणाम तितकासा होत नव्हता.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे आभार. पुढील शिबिरात रक्तदाब तपासणी, जखमांची काळजी आणि गृहभेटी यांपैकी काम निवडण्याची मुभा मुलींनाच द्यावी, असे ठरवते आहे. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीला एकच विचारते : परतल्यावर त्या आजींविषयी तुला महाविद्यालयात कोणी विचारले का?

उत्तर : जीएनएम, तिसरे वर्ष

नाही, मॅडम. इथे पहिल्यांदाच सांगितले.