गोजी बेरी आणि मॅक्रोफेज

एक दावा असा असतो की गोजी बेरी या लाल फळातल्या पॉलिसॅकराइडने (साखरेच्या लांब साखळ्यांचा रेणू) मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी, अ‍ॅक्टिव्हेट होतात म्हणजे रोज खाल्ली की इम्युनिटी वाढणारच. पहिलं अर्धं मान्य, पुढचं जरा घाईचं होतंय.

असं दाखवणाऱ्या बऱ्याच रिसर्च पेपरमध्ये उंदराच्या, आरएडब्ल्यू २६४.७ नावाच्या मॅक्रोफेज पेशी डिशमध्ये वाढवतात, त्यावर फळाचं पॉलिसॅकराइड टाकतात आणि नायट्रिक ऑक्साइड, टीएनएफ-अल्फा, आयएल-६ (पेशी खवळल्या की सोडतात ते दाहाचे पदार्थ) किती वाढलं ते मोजतात. बऱ्याचदा हे पेशीवरच्या टीएलआर४ रिसेप्टरमधून (जंतूंचे अंश ओळखणारं प्रथिन) होतं, मग आत दाहाची जनुकं चालू करणारं एनएफ-कप्पा-बी चालू होतं वगैरे. आता गोची अशी की हाच टीएलआर४ एंडोटॉक्सिनही (काही बॅक्टेरियांच्या बाहेरच्या आवरणातला विषारी भाग) ओळखतो आणि ते इतकं चिवट की अर्क उकळला तरी जात नाही, नॅनोग्रॅमभर उरलं तरी मॅक्रोफेज खवळतात. म्हणजे परिणाम फळाचा की अर्कात मिसळलेल्या एंडोटॉक्सिनचा हे कळत नाही, त्यामुळे पॉलिमिक्सिन बी हे औषध घालून (ते एंडोटॉक्सिनला धरून ठेवतं) परत टेस्ट केली का हे मी आधी बघतो, नसेल केली तर पेपर बाजूला.

आणि खाल्लं की गोष्टच वेगळी, पेक्टिनसारखा (फळांतला तंतुमय पदार्थ) एवढा मोठा रेणू तोडायची एन्झाइम्स आपल्याकडे नाहीत, तो अख्खा रक्तातही फारसा जात नाही, मोठ्या आतड्यातले बॅक्टेरिया तो आंबवतात. त्यातून ब्युटिरेट नावाचं छोटं फॅटी अ‍ॅसिड बनतं आणि ते तर रेग्युलेटरी टी सेल (इम्युनिटीला आवर घालणाऱ्या पेशी) वाढवतं, म्हणजे उलट दाह कमी करायचं काम!

बाकी वॉरफरिन (रक्त पातळ करायचं औषध) चालू असेल तर गोजी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, रक्तस्रावाच्या केसेस नोंदल्या गेल्यात.