थेल्मा रिटर: सहा नामांकनं, ऑस्कर शून्य. अन्याय की साचा?

मधलीरांग: परवा ‘पिकअप ऑन साउथ स्ट्रीट’ (1953) पुन्हा पाहिला. यातली मो म्हणजे हॉलिवूडची चरित्र अभिनेत्री थेल्मा रिटर. टाय विकते, जोडीला पोलिसांना खबर विकते आणि पै-पै साठवते ती कशासाठी, तर मेल्यावर बेवारस म्हणून पुरलं जाऊ नये म्हणून. रात्री दमून खोलीवर येते, रेकॉर्ड लावते, तर समोर पिस्तूलवाला. बाई ना किंचाळते ना गयावया करते. आपण किती थकलोय तेच त्याला सांगत बसते. गोळी आपल्याला दिसत नाही, ऐकू येते. त्या वर्षीचं ऑस्कर डोना रीडला! 1950 ते 1962च्या चित्रपटांसाठी सहाय्यक अभिनेत्री म्हणून सहा नामांकनं, हाती भोपळा. मी तरी याला अन्यायच म्हणेन.

खडूसप्रेक्षक: मो उत्तमच. पण बाकी? तोच ब्रुकलिनचा हेल, तोच फटकळपणा. ‘रिअर विंडो’तली नर्स स्टेला आणि ‘पिलो टॉक’मधली, रात्रीची उतरलेली नसताना कामावर येणारी मोलकरीण ॲल्मा, दोघींची अदलाबदल करा. कुणाला पत्ता लागणार नाही. ज्यांच्याकडून ती दर वेळी हरली, त्यांनी निदान काही वेगळं केलं होतं.

मधलीरांग: स्टेला नीट पाहिलीत का? समोर जेम्स स्ट्युअर्ट नाश्ता करतोय आणि ही शेजाऱ्यानं बायकोचे तुकडे कुठे केले असतील याचा हिशेब मांडतेय, भाजी कुठे चिरायची इतक्या सहजपणे. त्याचा घास तोंडाशीच अडतो. हे ॲल्माला जमणार नाही. आणि ‘वेगळं’ म्हणाल, तर 1952च्या चित्रपटासाठी थेल्माला मागे टाकून ग्लोरिया ग्रॅहमला जेमतेम दहा मिनिटांच्या कामावर ऑस्कर मिळालंच ना?

खडूसप्रेक्षक: ऑस्कर काय घड्याळ लावून देतात?

जुनीरिळं: दोघंही तिलाच धरून बसलात, दोष लिहिणाऱ्यांचा आणि स्टुडिओचा आहे. ‘ऑल अबाउट ईव्ह’मध्ये कावेबाज ईव्हचं पाणी सगळ्यांत आधी ओळखते ती हिची बर्डी, म्हणजे नायिकेची मदतनीस. आणि अर्ध्यातून बर्डीच गायब! शिवाय त्याच चित्रपटातून, त्याच गटात सेलेस्ट होमचंही नामांकन. मतं फुटली असणार, हा माझा अंदाज. ‘द मेटिंग सीझन’मध्ये तर ती मुलाच्याच घरात सुनेला थांगपत्ता न लागू देता स्वयंपाकीण म्हणून राहते. अख्खा चित्रपट तिच्या खांद्यावर, तरी नामांकन ‘सहाय्यक’चं.

बाकी तिला बिचारी ठरवू नका. मुलं वाढवायला रंगभूमी सोडलेली बाई पंचेचाळिशीत, 1947 साली, पहिल्यांदा पडद्यावर आली, तीही श्रेयनामावलीत नाव नसताना. आणि 1958 साली ग्वेन व्हर्डनबरोबर विभागून टोनी, म्हणजे अमेरिकन रंगभूमीचा मानाचा पुरस्कार, मिळवला, तोही संगीतिकेत!

खडूसप्रेक्षक: ‘मेटिंग सीझन’ पाहिलेला नाही, कबूल. शनिवारी बघतो. ॲल्माबद्दल मात्र माघार नाही.