जिन्यातली चुन्याची पुडी

स्नेहा (बी-३०४): आरवच्या डोळ्यात दुपारी चुना गेला. जिन्यात पडलेली तंबाखूच्या चुन्याची पुडी त्याने दाबली आणि चिळकांडी थेट डोळ्यात उडाली. सुनंदाताईंनी लगेच नळाखाली धरला. बुबुळावरचा पापुद्रा सोललाय, पण नजर शाबूत आहे. ताई, तुमचे उपकार कसे फेडू!

कुलकर्णी काका (ए-१०१): अरे देवा! आम्ही अशा वेळी गुलाबपाणी घालायचो. गार वाटतं.

सुनंदाताई (बी-३०३): काका, गुलाबपाणी, मध, तूप, दूध काही नको. उतारा म्हणून लिंबू तर मुळीच नको. फक्त पाणी. नेत्रविभागात सिस्टर असताना चुन्याने बुबुळ पांढरंफटक झालेली लेकरं पाहिली आहेत, म्हणून जीव तोडून सांगते. ॲसिडने वरचा थर गोठतो, त्यामुळे ते बऱ्याचदा तिथेच अडतं. चुना पेशींमधली चरबी विरघळवत आत आत जातो. तुम्ही रिक्षा शोधत असता तेव्हाही त्याचं काम चालूच असतं. म्हणून आधी घरीच धुवायचं. नळाचं पाणी चालतं. पापणी बोटांनी उघडी धरून निदान १५-२० मिनिटं, मूल कितीही रडलं तरी. आरवच्या वरच्या पापणीआड चुन्याचा कण चिकटला होता. ओल्या कापडाच्या टोकाने तो काढला नसता तर धुऊनही डोळा भाजतच राहिला असता. मग तडक डॉक्टर.

निखिल (सी-२०२): फटाक्याची काडी किंवा काच घुसली तरी असंच धुवायचं ना?

सुनंदाताई: नाही! घुसलेलं काही उपटायचं नाही, धुवायचं नाही, डोळा दाबायचा नाही. वर कागदी कप उपडा धरून चिकटपट्टी लावायची आणि निघायचं. "दुसरा डोळा चांगला आहे ना" म्हणून थांबूही नका. अंधांची ब्रेल लिपी बनवणारा लुई ब्रेल ३ वर्षांचा असताना वडिलांच्या कारखान्यात चामड्याला भोकं पाडायची आरी त्याच्या एकाच डोळ्यात घुसली, पण पुढे दोन्ही डोळे गेले.

मंगेश (ए-४०३): ताई, आमची आजी मोतीबिंदूचं ऑपरेशन करू देत नाही. डोळा काढून ताटलीत ठेवतात, धुऊन परत बसवतात असं तिला कुणीतरी सांगितलंय.

सुनंदाताई: डोळा कुणीही बाहेर काढत नाही रे. मागे दृष्टीची नस, बाजूंनी सहा स्नायू, तो काय काढून ठेवणार? हल्ली २-३ मिलिमीटरच्या छेदातून गढूळ भिंग काढतात आणि नवं बसवतात. त्या भिंगाची गोष्ट आजींना सांग. दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या काचेचे, म्हणजे एका प्लॅस्टिकचेच, तुकडे वैमानिकांच्या डोळ्यात घुसले होते. ते आत राहूनही डोळा सुजत नाही, हे हॅरॉल्ड रिडली या इंग्रज डॉक्टरांनी हेरलं आणि १९४९ मध्ये त्याच जातीच्या प्लॅस्टिकचं भिंग पेशंटला बसवलं.

रेखा (सी-१०४): कॉन्टॅक्ट लेन्स डोळ्यामागे जाते का हो? लेक घाबरते.

सुनंदाताई: नाही. पापणीची आतली त्वचा वळून डोळ्याच्या पांढऱ्या भागाला जोडलेली असते, मागे जायला वाटच नाही.

सेक्रेटरी: तिन्ही विंगचे जिने आत्ताच झाडून घेतले. वॉचमनच्या केबिनजवळ झाकणाचा डबा ठेवलाय. चुन्याच्या पुड्या त्यातच टाका.

मंगेश: ताई, आजी उद्या तुमच्याशी बोलायला तयार आहे.

सुनंदाताई: ११ नंतर आण. शुगरचा रिपोर्ट आणि जुना चष्मा बरोबर घे.