विषय: तातडीचे – मंडळाच्या नंबरवरून फोन आला तर कोड सांगू नका

नमस्कार मंडळी,
कालपासून मंडळाच्या फोनवर अनोळखी लोक चिडून विचारताहेत, "सकाळपासून तीनदा फोन का केलात?" आपण कुणालाही फोन केलेला नाही. दोन सभासदांच्या स्क्रीनवर तर चक्क 'मंडळ' असं नाव उमटलं. पलीकडचा म्हणाला, गणपतीच्या तिकिटांचे पैसे अडकलेत, आत्ता आलेला सहा आकडी कोड सांगा. एकीने चार आकडे सांगितले, मग तिला शंका आली आणि तिने फोन ठेवला.
नंबर बदलायचा का? पत्रकं उद्या छापायला जातात, आज रात्रीपर्यंत कळवा.
– मेघना (कार्यवाह)

---

मेघना,
नंबर मुळीच बदलू नका. तो मी मंडळाला दिलेला आहे. कितीतरी घरांत तो फ्रिजवर चिकटवलेला आहे, आजारपणात माणसं त्याच नंबरवर फोन करतात. असे निर्णय कार्यकारिणीत व्हावेत, एका रात्रीत मेलवर नव्हे.
– नाना

---

नानांशी सहमत, पण माझं कारण वेगळं. आपल्या फोनमध्ये कुणी शिरलेलं नाही. पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता कुणीही काहीही लिहितो, तसाच त्यांनी आपला नंबर लिहिलाय. नवा घेतला तर उद्या तोही लिहितील. हे लोक नंबर सारखे बदलतात, थोड्या दिवसांत आपला सोडतील. तोवर व्हॉइसमेलवर मराठीत आणि इंग्रजीत निरोप ठेवा की नंबरचा गैरवापर होतोय.
एफसीसीने, म्हणजे इथल्या अमेरिकेतल्या दूरसंचार आयोगाने, ३० जून २०२१पासून मोठ्या फोन कंपन्यांना स्टर/शेकन नावाची पद्धत लावायला लावली. त्यात फोन जिथून निघतो ती कंपनी नंबर खरा असल्याचा डिजिटल शिक्का मारते. पण वाटेत जुन्या पद्धतीची लाईन लागली की शिक्का गळून पडतो.
– समीर

---

शिक्क्याचं आम्हाला काय करायचंय? २०१८ साली वॉशिंग्टनच्या भारतीय दूतावासाचे नंबर वापरून लोकांना लुबाडत होते, दूतावासाला जाहीर सूचना काढावी लागली. मलाही तसा फोन आला होता. पासपोर्टच्या फॉर्ममध्ये चूक आहे, पैसे भरा नाहीतर परत पाठवू. हे घरी नव्हते, माझे हातपाय गार पडले. क्रेडिट कार्ड पर्समधून काढून हातात घेतलं होतं. शेजारच्या काकूंनी बेल वाजवली म्हणून वाचले. तरुणांनो, त्या क्षणी काही सुचत नाही. नियम एकच ठेवा: फोन ठेवायचा आणि आपल्याकडे लिहून ठेवलेल्या नंबरवर आपण करायचा.
– वसूताई

---

वसूताई, दूतावासात तेव्हा फोन लागायचा तरी का? आम्ही ओसीआयसाठी (परदेशस्थ भारतीयांच्या कार्डासाठी) आठवडाभर प्रयत्न करत होतो.
– प्रदीप

---

ओसीआयचं वेगळ्या मेलवर बोला, कृपया.
माझी चिंता बँकेची आहे. मंडळाच्या खात्याचे कोड याच नंबरवर मेसेजने येतात. कुणी हा नंबर स्वतःच्या सिमवर वळवून घेतला तर? गेल्या वर्षी बैठकीत मी हे मांडलं होतं, तेव्हा कुणी लक्ष दिलं नाही.
– शिरीष (खजिनदार)

---

शिरीष, तुझा मुद्दा खरा आहे, पण ती वेगळी चोरी. नंबर नुसता दाखवायला सिम लागत नाही, वळवून घेतला तर सगळे कोड त्यांच्याकडे जातात. कंपनीकडून नंबर लॉक करून घे आणि बँकेत, मेलमध्ये जमेल तिथे कोड मेसेजऐवजी ॲपवर घे. शिवाय व्हॉइसमेलला पिन हवाच. काही ठिकाणी आपल्याच नंबरवरून फोन आला की पिन न विचारता निरोप ऐकवतात. म्हणजे आपला नंबर दाखवणाऱ्यालाही ऐकवतील. आपल्या निरोपांत लोकांचे पत्ते आहेत, आजारपणं आहेत.
– समीर

---

पिन कुणाकडे आहे? लॉक करायला खातं कुणाच्या नावावर आहे?
– मेघना

---

खातं माझ्याच नावावर आहे. पिन कधी ठेवलाच नव्हता. उद्या सकाळी दहाला शिरीषला घेऊन दुकानात जातो, दोन्ही करून येतो. पत्रकावर नंबर तोच राहू दे, खाली ठळक ओळ टाका: मंडळ फोनवर कोड किंवा पैसे मागत नाही. आणि मेघना, ज्या बाईंनी चार आकडे सांगितले त्यांना आज माझ्यातर्फे फोन कर, घाबरल्या असतील.
– नाना